पेटीतला पुठ्ठा

एकरी आठशे. डिझेल माझं, बियाणं तुमचं.
वाफसा आला की चार दिवस मला झोप नसते,
पण तेरणेकाठच्या या शिवारात
डोळे मिटूनही पेरता येतं,
कारण पेटीत एकच दाणा : सोयाबीन.
धुऱ्याच्या अलीकडे सोयाबीन, पलीकडे सोयाबीन,
आणि धुरा तरी कुठं उरलाय,
तोही पेरलाय.

सोजरबाई ढोबळे मात्र पुठ्ठा घेऊन उभी.
मिक्सरच्या खोक्याचा, कात्रीनं कापलेला,
बरोबर पेटीच्या मापाचा.
माप कधी घेतलं, कोण जाणे.
"दस्तगीरा, दोन्ही टोकाच्या नळ्यांला तूर सोड,
मधल्या चारींत तुझं ते सोयाबीन."

तुझं ते, म्हणाली.
जसं काही मीच आणलं ते या मुलखात.

म्हटलं, "मावशी, पुठ्ठा सरकतो, दाणे मिसळतात,
माझा अर्धा तास जातो."
"जाऊ दे की. अर्ध्या तासाचं काय लोणचं घालतूस?"
आणि ओच्यातून आणखी पुरचुंड्या :
मूठभर अंबाडी, मूठभर हावरी,
एका चिंधीत कारळ, गाठ दातानं सोडलेली.
"ही कडंच्या तासाला."

जाताना टोकाला तुरीचं एक तास,
वळून येताना त्याच्या शेजारी दुसरं.
मागं बघितलं तर काहीच कळत नव्हतं,
पेरलेलं रान सगळ्यांचं सारखंच काळं.
आठशेच घेतले.
अर्धा तास धरला नाही, पण विसरलोही नाही.

भाद्रपदात पिवळा मोझॅक आला,
पांढऱ्या माशीच्या तोंडातून.
आमच्या शिवारात त्या माशीला
कुणाच्या दारात थांबावंच लागलं नाही,
एकच घर होतं सगळं, वेशीपासून नदीपर्यंत.
सोजरबाईचंही गेलं. खोटं कशाला सांगू,
तिच्याही मधल्या तासांची हळद झाली.
पण तूर उभी होती,
शेजारी तापानं फणफणलेला असताना
गुमान धुणं वाळत घालणाऱ्या बाईसारखी.

सगळं सोपं झालं असंही नाही.
हार्वेस्टरवाला तिच्या रानाला वळसा घालून जातो.
अडतीवर तिची अकरा किलो हावरी बघून
हमाल हसले : "मावशी, संक्रांत लांब हाय अजून."
तिनं गाठोडं उचललं, भांडली नाही,
औश्याच्या घाण्यावर नेलं.
तेल घरात, पेंड म्हशीला.
हिशेब विचारला तर म्हणाली,
"म्हशीला इचार."

पौषात एका रात्री
नांगरटी उरकून परत येत होतो.
दोन्ही अंगांना नुसती ढेकळं,
हेडलाइटचा झोत जाईल तिथं
अडायला काही नाही.
मग वळणावर तो एकदम अडला.
तूर. शेंगांनी वाकलेली, माझ्या खांद्याएवढी.
सोयाबीन निघालेल्या पट्ट्यांत करडीची कोवळी पानं,
आणि बुडाशी दोन डोळे चमकले,
मग चार.
खोकड असेल, ससा असेल,
आमच्या लहानपणी नावं माहीत असायची.

इंजिन बंद केलं.
पानं गळत होती, एकेक,
आपल्याच मुळांवर.
वाकून हात घातला पाचोळ्याखाली :
गार. मऊ.
गेल्या पाऊसकाळाची ओल तिथं अजून बसून होती,
उठायची घाई नसल्यासारखी.
माझ्या रानात टायरखालची जमीन
फरशीसारखी वाजते.

यंदा मृगाच्या आधी औश्याला गेलो, वेल्डरकडं.
पेटीत पत्र्याचे दोन पडदे बसवायला सांगितले.
"कितीजण मागतेत असलं?"
म्हटलं, "एक."
तो हसला. पत्रा मापून घेतला.
"मग काढता येतील असे करू, का जाम?"

मी पेटीकडं बघत राहिलो.
कोपऱ्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटून होता,
ओला होऊन वाळलेला,
त्याच्यावर तुरीचा एक दाणा.

त्यानं काळी काच डोळ्यांवर ओढली.
म्हटलं, "जाम कर."